तेल कमी, तरी भरली वांगी मऊ

ऑफिसमधून मुलुंडला घरी पोचायला साडेआठ होतात. त्यात भरली वांगी करायची म्हणजे अर्धी वाटी तेल आणि पाऊण तास. तेल कमी केलं की मसाला बुडाला लागायचा आणि देठाजवळ वांगं कच्चंच राहायचं.

सासूबाईंनी वाट दाखवली. "झाकणात पाणी ठेव गं," एवढंच म्हणाल्या. आता दोनच चमचे तेलात फोडणी करते, वांगी लावते आणि कढईवर खोलगट ताटली ठेवून तिच्यात पाणी ओतते. वाफ ताटलीला लागून परत खाली ठिबकते, त्यामुळे मसाला करपत नाही. पाणी गरम झालं की त्यातलंच थोडं रश्श्याला घालते. मंद आचेवर वीसेक मिनिटं, मध्ये एकदाच उलटायची.

वांगी मात्र लहान, काटेरी देठाचीच हवीत. दादरच्या मंडईतून शनिवारी आणते. चिरल्यावर लगेच मिठाच्या पाण्यात, नाहीतर काळी पडतात. खोबरं निम्मं करून त्याजागी भाजलेले तीळ घेते. दाण्याचं कूट, गोडा मसाला, तिखट, मीठ, गूळ असं कोरडं सारण रविवारीच डब्यात भरून फ्रीजमध्ये. चिंचेचा कोळ आणि कोथिंबीर आयत्या वेळी. हेच सारण ढोबळी मिरचीतही छान लागतं, फक्त तिला दहा-बारा मिनिटं पुरतात.

काल देठ धरून उचललं तर वांगं अलगद सुटून आलं. मुलाने भाकरीबरोबर तीन खाल्ली.