टाइमआउट वाढवण्याआधी हाताशी काय काय हवं

एचडीएफएसच्या (फाइल्स अनेक मशिनवर वाटून ठेवणारी हडूपची फाइल सिस्टिम) क्लस्टरवर सॉकेट टाइमआउट (समोरच्याकडून ठरलेल्या वेळेत प्रतिसाद न मिळाल्याच्या एरर) यायला लागले की पहिला मोह होतो तो मर्यादा वाढवण्याचा. कळकळीने सांगते, तेवढं करू नका. एरर फक्त उशिरा येते आणि अडलेला नोड (क्लस्टरमधलं मशिन) अडलेलाच राहतो.

सुरुवातीला एररची अख्खी ओळ उतरवून घ्या, विशेषतः तिच्यातला मिलिसेकंदांचा आकडा. सेटिंग बदललेलं नसेल तर वाचनाची मर्यादा 60000 असते आणि लिहिताना पाइपलाइनमध्ये (एकाकडून पुढच्याकडे डेटा जाणारी साखळी) पुढे जितके डेटानोड (डेटा साठवणारे नोड), तितके 5000 त्यात मिळवले जातात. डेटाच्या तीन प्रती असतील तर क्लायंटला (लिहिणाऱ्या प्रोग्रॅमला) 75000 दिसतं, पहिल्या डेटानोडच्या लॉगमध्ये 70000, दुसऱ्याच्या 65000. म्हणजे 65000 दिसलं की समजायचं, दुसरा तिसऱ्याच्या उत्तराची वाट बघत होता. मग तिसऱ्याकडे जायचं. 480000 दिसलं तर डेटानोड पाठवत होता, समोरचा घेत नव्हता; अशा वेळी बहुधा वाचणारा जॉबच रेंगाळलेला असतो.

सगळ्या मशिनची घड्याळं जुळतात ना, तेही आत्ताच बघून घ्या, नाहीतर लॉग एकमेकांशेजारी ठेवून उपयोग नाही. संशयित नोडच्या लॉगमध्ये ‘स्लो ब्लॉकरिसीव्हर’ (Slow BlockReceiver) शोधा. 300 मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला की ही ओळ पडते. तीत ‘डिस्क’ असेल तर त्याच नोडची डिस्क, ‘मिरर’ असेल तर नेटवर्क किंवा पुढचा नोड. आयओस्टॅटमध्ये (डिस्कचे आकडे दाखवणारी कमांड) प्रत्येक डिस्कचा अवेट (विनंती पुरी व्हायला लागणारा वेळ) वेगवेगळा बघा. सरासरीत एक मरू घातलेली डिस्क सहज लपते. जेव्हीएम पॉजच्या (जावा प्रोग्रॅम मध्येच थांबल्याच्या) ओळी त्याच मिनिटाला असतील तर जीसीकडे (जावाच्या मेमरी-सफाईकडे) वळा. टीसीपी रिट्रान्समिट (नेटवर्कवर पुन्हा पाठवावी लागलेली पाकिटं), ओपन फाइल्सची मर्यादा, डेटानोडच्या ट्रान्सफर थ्रेडची मर्यादा (मुळात 4096) हे तपासणं पटकन उरकतं. जंबो फ्रेम (नेहमीपेक्षा मोठी नेटवर्क पाकिटं) असतील तर 8972 बाइटचा पिंग तुकडे न करता पोचतो का, तेही तपासा.

नेमनोडच्या (सगळ्या डेटानोडची नोंद ठेवणाऱ्या मुख्य नोडच्या) पानावर नोड ‘लाइव्ह’ दिसतो म्हणून त्याला सोडू नका. हार्टबीट (‘मी चालू आहे’ हा डेटानोडचा निरोप) दर 3 सेकंदांनी जातो आणि नोड मृत ठरायला साडेदहा मिनिटं लागतात. डिस्क गचके खात असली तरी हार्टबीट बिनबोभाट चालू राहू शकतो.

नोड काढायचाच ठरला तर कमी प्रती असलेल्या ब्लॉकचा (फाइलच्या तुकड्यांचा) आकडा आधी टिपून ठेवा, आणि डीकमिशन (नोडवरचा डेटा इतरत्र हलवून त्याला निवृत्त करणं) पूर्ण होईपर्यंत डेटानोड बंद करू नका.