एमएस आहे आणि रक्ताच्या रिपोर्टमध्ये आकडे ठळक आलेत: ते कसे वाचायचे

रिपोर्ट उघडण्याआधी कागदाच्या वरच्या कोपऱ्यात दोन गोष्टी लिहा: एमएससाठी (मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे प्रतिकारशक्तीच मेंदू आणि मज्जारज्जूवर हल्ला करते तो आजार) सध्या चालू असलेलं औषध आणि ते सुरू केल्याची तारीख. एमएसमध्ये वरचेवर रक्त काढतात ते मुख्यतः औषध शरीराला झेपतंय का हे बघायला. आजार वाढला की नाही हे सीबीसीवरून (रक्तपेशींच्या मोजणीवरून) कळत नाही, ते एमआरआय आणि न्यूरॉलॉजिस्टच्या तपासणीवरूनच कळतं. म्हणून एकच आकडा एका औषधावर चिंतेचा असतो, तर दुसऱ्यावर अपेक्षितच असतो.

नॉर्मल रेंज साधारणपणे शंभरातल्या 95 निरोगी माणसांच्या आकड्यांवरून ठरवतात. वीस तपासण्या एकदम केल्या की धडधाकट माणसाचाही एखादा आकडा सहज बाहेर जातो. किंचित बाहेर गेलेल्या एकट्या आकड्याने झोप उडवून घेऊ नका.

सगळ्यात जास्त गोंधळ लिम्फोसाइटचा, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा होतो. टक्केवारी बघू नका, प्रत्यक्ष संख्या काढा. समजा एकूण पांढऱ्या पेशी 4,200 आहेत आणि लिम्फोसाइट 18 टक्के. 4,200 गुणिले 18 भागिले 100, म्हणजे 756. हा आकडा तारखेसह वहीत लिहा. डायमिथाइल फ्युमरेट हे एमएसचं औषध घेणाऱ्याचा आकडा 800 च्या खाली गेला की डॉक्टर तपासण्या कमी अंतराने करायला सांगतात, आणि तो सहा महिन्यांहून जास्त काळ 500 च्या खाली राहिला तर औषध थांबवण्याचा विचार होतो, कारण पीएमएल या मेंदूच्या गंभीर संसर्गाचा धोका वाढतो. फिंगोलिमोड या दुसऱ्या औषधाचं गणित वेगळं आहे. ते लिम्फोसाइटना लसिका ग्रंथींत अडकवून ठेवतं, त्यामुळे रक्तात 420 दिसले तरी ते औषधाचं अपेक्षित काम आहे. तिथे खरी सीमा 200 ची. रिटुक्सिमॅब किंवा ऑक्रेलिझुमॅब चालू असेल तर आयजीजी (संसर्गाशी लढणारी प्रतिपिंडं) आणि न्यूट्रोफिल (आणखी एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी) यांच्यावरही नजर हवी. आयजीजी दर खेपेला घसरत असेल आणि छातीचा संसर्ग पुन्हापुन्हा होत असेल, तर दोन्ही गोष्टी डॉक्टरांना एकत्र सांगा.

यकृताचं एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) किती वाढलं ते रेंजच्या वरच्या मर्यादेच्या पटीत मोजा. मर्यादा 40 असेल तर 60 म्हणजे दीडपट. यावर बहुतेकदा काही आठवड्यांनी फेरतपासणी होते. 120 म्हणजे तिप्पट. टेरिफ्लुनोमाइड या एमएसच्या औषधावर फेरतपासणीतही तिपटीच्या वर आलं तर ते बंद करतात. या औषधावर पहिले सहा महिने दर महिन्याला एसजीपीटी करायचं असतं, ते चुकवू नका. डोळे पिवळे, लघवी गडद किंवा अंगाला खाज असेल तर आकड्याची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. आणि घरात गिलोयचा (गुळवेलीचा) काढा चालू आहे का ते आठवा. गुळवेलीमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी भारतातच झाल्या आहेत. शिवाय प्रतिकारशक्ती वाढवण्याच्या नावाखाली घेतलेली ही वनस्पती प्रतिकारशक्तीला लगाम घालणाऱ्या एमएसच्या औषधाच्या नेमकी उलट दिशेने ओढू शकते. हे डॉक्टरांपासून लपवू नका.

रिलॅप्ससाठी (एमएसचा नवा झटका) मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड एक ग्रॅम रोज, तीन ते पाच दिवस दिलं असेल तर पांढऱ्या पेशी आणि साखर दोन्ही वाढलेली दिसतात. पण त्याच वेळी ताप किंवा लघवीला जळजळ असेल तर सगळं स्टिरॉइडवर ढकलू नका, लघवीची तपासणी आणि कल्चर करून घ्या. संसर्गाने जुनी लक्षणं पुन्हा उफाळतात आणि रिलॅप्स आल्यासारखं वाटतं. इंदूरच्या मे महिन्यातला उन्हाळाही हेच करतो.

थायरॉइडचा रिपोर्ट अचानक बिघडला तर केसांची गोळी आठवा. टेरिफ्लुनोमाइडने केस विरळ होतात म्हणून बरेच जण बायोटिन सुरू करतात, आणि काही यंत्रांवर बायोटिनमुळे टीएसएच (थायरॉइडच्या तपासणीतलं हार्मोन) खोटं कमी दिसतं. रक्त देण्याआधी किती दिवस ते बंद ठेवायचं हे डॉक्टरांना विचारा, मग पुन्हा तपासा.

डी जीवनसत्त्वाची 60,000 युनिटची पुडी आठवड्याला एक, ती सांगितलेल्या आठवड्यांपुरतीच. वर्षभर तशीच घेत राहिल्यास कॅल्शियम वाढतं: तहान, बद्धकोष्ठता, मुतखडा. शाकाहारी घरात बी12 जरूर बघा. त्याच्या कमतरतेनेही हातपाय बधिर होतात आणि तोल जातो, मग दोष एमएसला जातो.

रक्त शक्यतो एकाच लॅबमध्ये, सकाळी द्या. उपाशीपोटी सांगितलं असेल तर पोहे-जिलबी नंतर. साधं पाणी मात्र प्यायला हरकत नाही. पोटॅशियम आणि एसजीओटी (एसजीपीटीसारखंच आणखी एक एन्झाइम) वाढलेलं दाखवून खाली ‘हिमोलाइज्ड’ लिहिलं असेल तर पेशी नळीतच फुटल्या आहेत, रक्ताचा नमुना पुन्हा द्या.

आकडा बघून औषध स्वतःहून बंद करू नका. फिंगोलिमोड थांबवल्यावर आजार जोरात उसळू शकतो, आणि 14 दिवसांहून जास्त खंड पडला तर पुन्हा सुरू करताना पहिल्या डोसनंतर सहा तास नाडीवर देखरेख लागते. डॉक्टरांना फोन करताना औषध, आधीचा आकडा, आजचा आकडा आणि ताप आहे की नाही, एवढं आधी सांगा.