इटलीत फिरताना पिशवीत एक ओढणी ठेवाच

रोमचं सेंट पीटर्स चर्च असो की व्हेनिसचं सेंट मार्क्स चर्च, खांदे आणि गुडघे उघडे दिसले की दारावरूनच परत पाठवतात. उन्हाळ्यात मुलं हाफ पँटवर निघतात आणि तासभर रांगेत तापल्यावर हे कळतं. पातळ सुती ओढणी कमरेला लुंगीसारखी गुंडाळा, काम भागतं. बाबांनीही लाजू नये. बाहेर फेरीवाले तशाच ओढण्या विकतात, पण भाव अडलेल्या गिऱ्हाइकाचा. बुधवारी सकाळी सहसा पोपची जाहीर भेट असते, तेव्हा सेंट पीटर्सचा बेत दुसऱ्या दिवशी ठेवा.

रिकामी बाटली मात्र फेकू नका. रोमभर ‘नासोने’ नावाचे लोखंडी नळ आहेत. पाणी गार, पिण्याजोगं, फुकट. तोटीचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या भोकातून कारंजं उडतं. पोरं तिथून हलत नाहीत.