वारीत केसांची आबाळ होते ती कुठे? या चुका टाळा

वाखरीच्या तळावर आमच्या दिंडीतल्या एका मावशींनी अंबाडा सोडायला घेतला आणि तो सुटेना. बरडला पावसात भिजल्यावर ‘जरा वेळाने सोडते’ म्हणत त्यांनी तो पिळून घट्ट बांधला होता. मग नातेपुते झालं, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव झालं आणि अंबाडा डोक्यावर तसाच राहिला. वरून पदर, पदरावर प्लास्टिकचा कागद. आतले केस अजून दमट होते, आंबूस वास येत होता आणि मानेपाशी असा गुंता बसला होता की कंगवा आत शिरेना.

एरवी मी पुण्यात छोटं पार्लर चालवते. त्यामुळे रात्रीचं कीर्तन संपलं की राहुटीत कुणीतरी डोकं पुढे करून बसतंच. आळंदी ते पंढरपूर सुमारे २५० किलोमीटर, १८-२० दिवस. एवढ्या दिवसांत केसांची वाट लागते ती पावसाने आणि धुळीने, असं सगळ्या म्हणतात. मला विचाराल तर पाऊस बिचारा येऊन जातो. केस ओले बांधतो आपण.

पहाटे तीनला डोक्यावरून अंघोळ

टँकरपुढे रांग, बादलीभर थंडगार पाणी आणि ‘आज न्हाऊनच घेते’ असा निश्चय. यानंतर ऊन नाही, वारा नाही, चहा घेऊन लगेच चालायला लागायचं. मग ओल्या केसांचा अंबाडा, वर पदर. लांब आणि दाट केस असे बांधले तर दुपारपर्यंतही वाळत नाहीत.

केस स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ ३० टक्के पाणी शोषून घेतो आणि फुगतो. फुगलेला केस कोरड्या केसापेक्षा जास्त ताणला जातो आणि लवकर तुटतो. त्यावर रबर आवळलं की नेमका त्या वळशापाशी तुटतो. शिवाय टाळूवर कोंड्याला कारण ठरणारी बुरशी सगळ्यांच्याच असते, तिला ऊब, ओल आणि तेल एकत्र मिळालं की ती माजते. चौथ्या-पाचव्या दिवशी खाज सुटते, ती इथून.

पहाटे अंग धुवा, डोकं नाही. न्हायचं ते मुक्कामाच्या दुपारी, आणि तेही रोज नाही. माझा हिशेब ठरलेला आहे. पुण्यात आणि सासवडला पालखी साधारण दोन-दोन दिवस असते, तेव्हा एकेकदा. मग लोणंद किंवा फलटण, पुढे वेळापूर, आणि शेवटी पंढरपूर. मधल्या दिवसांत केस मोकळे करून पुढे वाकायचं आणि बोटांनी, मग मोठ्या दातांच्या कंगव्याने धूळ झाडायची. कोरडी धूळ झाडून जाते, ओली धूळ चिखल होऊन बसते.

वाटेत भिजलात तर दुपारच्या विसाव्याला केस सोडा. लोक काय म्हणतील ही भीती सोडून द्या, तिथे सगळेच मोजे पिळत बसलेले असतात. जाड टर्किश टॉवेल नेऊ नका, तो स्वतःच दोन दिवस वाळत नाही. सुती पंचा न्या. केस पंच्यात धरून दाबायचे, घासायचे नाहीत. मग अंबाड्याऐवजी सैल वेणी घाला, कारण वेणीत वारा खेळतो. वहीला लावायचं पिवळं रबर मात्र केसांना लावू नका, ते सोडताना केस घेऊनच येतं. त्यापेक्षा जुन्या साडीची चिंधी बरी.

प्लास्टिकचा कागद थेट केसांवर ओढणं हीसुद्धा चूकच. बाहेरचा पाऊस थांबतो, पण आत घामाने केस भिजतातच. खाली सुती रुमाल बांधा, वर कागद घ्या आणि सर थांबली की कागद काढा.

तेल थापून निघणं

‘उन्हापावसात केसांना तेल हवंच’ म्हणत निघायच्या आदल्या रात्री वाटीभर खोबरेल जिरवणाऱ्या काकू दरवर्षी भेटतात. दिवे घाट चढेपर्यंत त्या तेलावर घाम आणि धूळ बसून कपाळापर्यंत ओघळ आलेले असतात.

खोबरेल वाईट आहे असं मी म्हणत नाही. २००३ साली रेले आणि मोहिले यांनी खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल केसांना लावून पाहिलं, तेव्हा केसातलं प्रथिन झिजणं खोबरेलानेच कमी केलं. (अभ्यास खोबरेल विकणाऱ्या कंपनीच्याच संशोधन विभागातला होता, हेही सांगून टाकते.) खोबरेलातलं लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरतं, त्यामुळे धुताना केस कमी फुगतो. म्हणजे तेलाचा खरा उपयोग न्हाण्याच्या आधी आहे, दिवसभर डोक्यावर वागवण्यात नाही. न्हायचं असेल त्याच्या आदल्या रात्री चमचाभर तेल केसांच्या लांबीला आणि टोकांना लावा. कोंडा असेल तर टाळूला लावूच नका.

साबण आणि बोअरचं पाणी

पुणेकरणींना हा धक्का सासवडनंतर बसतो. घरी धरणाचं मऊ पाणी असतं, इथे टँकर कुठल्या तरी बोअरवर भरलेला. त्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार भरपूर असतात. अंगाच्या साबणाशी त्यांची गाठ पडली की फेसाऐवजी पांढरट, चिकट साका तयार होतो आणि तो केसांवर बसतो. केस राठ झाले म्हणून बाई आणखी साबण लावते, साका आणखी वाढतो. कपड्याच्या वडीने डोकं धुणाऱ्याही मी पाहिल्या आहेत. साबण अल्कधर्मी असतो, टाळू किंचित आम्लधर्मी. त्यामुळे केसांवरचे खवले उघडतात आणि एकमेकांत अडकतात. गुंत्याची सुरुवात तिथेच होते.

शाम्पूचा साका होत नाही. एक पुडी मगभर पाण्यात कालवा आणि ते पाणी टाळूवर ओता. डोक्यावर थेट पुडी पिळली तर एकाच जागी जास्त पडते आणि ती धुवायला अर्धी बादली जाते. टँकरच्या रांगेत उभं राहून मिळवलेली बादली असते, विसरू नका. शिकेकाई-रिठ्याची पूड कुणाला आवडत असेल तर तीही बोअरच्या पाण्यात चालते, पण ती निघायला पाणी फार लागतं. मी ती घरी आल्यावर वापरते.

केस तरीही राठ वाटले तर शेवटच्या तांब्याभर पाण्यात अर्धं लिंबू पिळून, बिया काढून, ते केसांवरून सोडा आणि वर थोडं साधं पाणी घ्या. साका सुटतो. टाळूला ओरखडे असतील तर मात्र लिंबू नको, बोंब माराल.

उवा लपवणं, आणि सीताफळाच्या बिया

राहुटीत वीस-पंचवीस बायका डोक्याला डोकं लावून झोपतात. एकीच्या डोक्यात उवा असतील तर पंढरपूरपर्यंत दहाजणींच्या होतात. ऊ उडत नाही, उडी मारत नाही. ती केसावरून केसावर चालत जाते. त्यामुळे अस्वच्छतेचा इथे संबंध नाही. लाजेपायी न सांगणं ही खरी चूक. कंगवा, रुमाल, उशीला घेतलेलं गाठोडं स्वतःचं ठेवा. झोपताना केस वेणीत बांधा, ते कोरडे असतील तरच.

आता पुरंदरचा मुलूख सीताफळांचा. त्यामुळे सासवडला हमखास कुणीतरी आजी सांगते, ‘सीताफळाच्या बिया वाटून लाव, उवा मरतात.’ उवा मरतही असतील. पण तो लगदा घामाबरोबर डोळ्यात उतरला तर बुबुळाला इजा होते, डोळे सुजतात, दिसेनासं होतं. अशा तऱ्हेने डोळे दुखावलेले रुग्ण डॉक्टरांकडे येतात. वाटेवर, तेही घामाच्या दिवसांत, हा उपाय नकोच. रॉकेलचा उपाय त्याहून वाईट. ज्या तळावर चुली पेटलेल्या असतात तिथे रॉकेल लावलेलं डोकं घेऊन कुणी फिरू नये.

औषधाच्या दुकानात एक टक्का परमेथ्रिनचं औषध मिळतं. पुडक्यावरच्या सूचनेप्रमाणे साधारण दहा मिनिटं ठेवून धुवायचं. लहान मुलं, गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बायका असतील तर आधी तळावरच्या वैद्यकीय पथकाला विचारा. लिखा फुटायला आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून तेवढ्या दिवसांनी औषध पुन्हा लावायचं. बहुतेकजणी हे दुसऱ्यांदा लावणं विसरतात आणि औषधाला नावं ठेवतात. मधल्या दिवसांत आपली जुनी बारीक दातांची फणी आहेच.

डोक्यावर तुळस

वृंदावन डोक्यावर घेऊन चालणाऱ्या माउलींच्या टाळूवर मधोमध केस विरळ दिसतात. सगळं वजन एकाच ठिकाणी आणि खाली घट्ट अंबाडा, मग मुळं ओढली जातात. अंबाड्यावर वृंदावन टेकवू नका. केस मागे सैल वेणीत घ्या, डोक्यावर सुती कापडाची जाड चुंबळ ठेवा आणि आळीपाळीने घ्या. भांगही दोन-तीन दिवसांनी बदला. एकाच भांगावर ऊन बसून तिथली कातडी सोलवटते.

पुरुषांचं थोडक्यात सांगते. टोपी एकच आणू नका. घामाने ओली झालेली टोपी दुसऱ्या दिवशी तशीच घातली की कपाळाच्या कडेला केसतूड येतं. तीन टोप्या आणा. टक्कल असेल तर टोपी काढून मिरवू नका. केसतूड पुन्हापुन्हा येत असेल तर घरी गेल्यावर साखर तपासून घ्या.

नदीत डुबकी मारली आणि तसंच निघालं

नीरा आली की माउलींच्या पादुकांना स्नान होतं आणि आपणही उतरतोच. पंढरपुरात चंद्रभागा आहे. डुबकी मारू नका असं मी कशाला सांगू? मी स्वतः मारते. पण त्या दिवशी त्या पाण्यात हजारो माणसं उतरलेली असतात. टाळूला खरचटलेलं असेल, फोड असतील तर डोकं बुडवू नका, ओंजळभर पाणी शिंपडा. बाकीच्यांनी उतरण्याआधी केस साध्या पाण्याने ओले करावेत (आधीच भिजलेला केस नदीचं पाणी कमी शोषतो), आणि तळावर आल्यावर स्वच्छ पाण्याने पुन्हा धुवावेत. नंतर वाळवायचं, हे आता परत सांगायला नको.

रिंगणानंतर अश्वाच्या टापांखालची माती कपाळी लावतात. ती कपाळालाच ठेवा. मूठभर डोक्यात घालून वर अंबाडा बांधला तर चार दिवसांनी माझ्यापुढे बसावं लागतं.

गुंता झालाच तर

त्या मावशींच्या केसांवर आम्ही पावणेदोन तास बसलो. गुंता कोरडा ओढायचा नाही आणि ओला तर मुळीच नाही. खोबरेल गुंत्यात मुरवायचं, अर्धा तास जाऊ द्यायचा, मग टोकाकडून बोटांनी एकेक बट सुटी करत मुळाकडे जायचं. मुळापाशी केस दुसऱ्या हाताने धरून ठेवायचे, म्हणजे टाळूला ओढ बसत नाही. मधोमध गाठ उरलीच तर कात्रीचं टोक तिच्यात उभं घालून लांबीच्या दिशेने कापा. आडवं कापलं की तेवढी जागा बोडकी दिसते.

हे चालू असताना शेजारची म्हणाली, ‘देवीची जट असेल, हात लावू नका.’ मावशींचा चेहरा उतरला. मी बोटांवरची माती दाखवली. ओले, तेलकट, न विंचरलेले केस दिवसेंदिवस बांधून ठेवले की ते एकमेकांत विणले जातात, त्याचीच पुढे जट होते. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्या कित्येक वर्षं बायकांना समजावून अशा जटा कापतात आणि कापल्यावर कुणाचं काही वाईट होत नाही. होतं ते इतकंच की मान दुखायची थांबते.

केस गळतात ते नवरात्रात

घरी येऊन दोन-तीन महिने झाले की फोन सुरू होतात. ‘वारीतल्या पाण्याने केस गेले गं.’ मी सांगते, गळलेला केस उजेडात धर. एका टोकाला पांढरा बारीक गड्डा दिसतो का? दिसला तर केस मुळापासून सुटला आहे. नसला तर मधूनच तुटला आहे, आणि त्याला रबर, साबण, ओलं विंचरणं कारण आहे.

मुळापासून सुटलेल्या केसांची गोष्ट वेगळी. जोराचा ताप, जुलाब, उपासामुळे झालेली आबाळ असा धक्का शरीराला बसला की बरेच केस एकदम वाढ थांबवून विश्रांतीला जातात आणि दोन-तीन महिन्यांनी गळतात. आषाढात ताप आला तर हिशेब आश्विनात लागतो. रोज ५० ते १०० केस जाणं तसंही नेहमीचंच. वारीतला धक्का असेल तर हे गळणं काही महिन्यांत आपोआप थांबतं. नवे केस महिन्याला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात, म्हणून धीर धरावा लागतो. महागड्या तेलाने ते लवकर येत नाहीत. पुढच्या वर्षी नुसत्या चहा-बिस्किटांवर टप्पे काढू नका. पिठलं, उसळ, शेंगदाण्याची चटणी जे पंगतीत येईल ते पोटभर खा.

सहा महिने उलटूनही गळणं थांबलं नाही, नाण्याएवढी जागा गुळगुळीत झाली, किंवा टाळूवर पू, सूज, ताप असं काही असेल तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. मावशींचं तसं काही झालं नाही. त्यांचे केस खांद्यापर्यंत कापावे लागले, इतकंच. दुसऱ्या दिवशी निघताना त्यांनी माझ्याकडून पंचा मागून घेतला, तो अजून परत आलेला नाही.