सॉकेटमध्ये बसला म्हणून व्हॉल्व्ह चालत नाही: गिटार अ‍ॅम्पमध्ये या चुका टाळा

व्हॉल्व्ह म्हणजे सिग्नल मोठा करणारी काचेची नळी. त्यातल्या मोठ्यांसाठीच्या ऑक्टल सॉकेटला आठ भोकं असतात आणि ऑक्टल बेसचा कुठलाही व्हॉल्व्ह त्यात जातो. सगळ्या भानगडींचं मूळ तेच. "ईएल३४ महाग झालाय, जुना रशियन माल स्वस्तात मिळतोय, घालून तर बघू," असं म्हणणारे माझ्याकडे येतात तोवर व्हॉल्व्ह घालून झालेला असतो. विचारायचं ते आधी, हे सुचतच नाही कुणाला.

पिन १ कडे दुर्लक्ष

ही माझी सगळ्यात नावडती चूक. ६एल६जीसी आणि ईएल३४ या स्पीकर चालवणाऱ्या पॉवर व्हॉल्व्हच्या पिना कागदावर सारख्याच दिसतात: हीटर (तापणारी तार) २ आणि ७, प्लेट (इलेक्ट्रॉन गोळा करणारी) ३, स्क्रीन (प्लेटच्या अलीकडची जाळी) ४, ग्रिड (सिग्नल येतो ती जाळी) ५, कॅथोड (इलेक्ट्रॉन निघतात ते टोक) ८. फरक फक्त पहिल्या पिनेत आहे. ६एल६जीसीमध्ये ती आतून कशालाच जोडलेली नसते. ईएल३४मध्ये तिथे सप्रेसर ग्रिड (स्क्रीन आणि प्लेटच्या मधली जाळी) असते आणि ती कॅथोडला जोडावी लागते. आता गंमत अशी की फेंडर या अमेरिकन कंपनीच्या साठच्या दशकातल्या कितीतरी सर्किटांत ही रिकामी पिन वायर अडकवायची खुंटी म्हणून वापरली आहे. ग्रिडचा दीड किलोओहमचा रेझिस्टर सरळ १ आणि ५ च्या मध्ये लावलेला असतो.

नाशिकचा एक मुलगा तशाच सर्किटावरून बनवलेला अ‍ॅम्प घेऊन आला. 'ब्रिटिश आवाज' हवा म्हणून त्याने ६एल६ काढून ईएल३४ घातले होते. आवाज पातळ, आणि जोरात वाजवलं की गुदमरल्यासारखा. प्लेटा लाल होत नव्हत्या, त्यावरून बायस (व्हॉल्व्हमधून किती करंट जावा हे ठरवणारं ग्रिडवरचं उणे व्होल्टेज) ठीक आहे असं त्याने स्वतःच ठरवलं. मग दुकानदाराने बनावट माल दिला म्हणून दुसरी जोडी आणली. तीही तशीच वाजली. शेवटी स्क्रीनचा रेझिस्टर काळा पडला, तेव्हा स्वारी आली.

मीटर लावला तर सप्रेसर ग्रिडवर उणे पन्नासच्या आसपास व्होल्ट, वर गिटारचा सिग्नल. प्लेटकडे निघालेले इलेक्ट्रॉन तिथून मागे फिरून स्क्रीनवर आपटत होते. प्लेट थंड आणि स्क्रीन भाजतेय, मग लाल दिसणार काय? पिन १ वरचं सगळं काढून वेगळ्या टॅगपट्टीवर (वायरा सोल्डर करायच्या पट्टीवर) घेतलं, १ आणि ८ जोडल्या, जळका रेझिस्टर बदलला, बायस नव्याने लावला. पहिल्या जोडीतला एक व्हॉल्व्ह गेला होता, बाकीचे चालले. १ आणि ८ जोडलेल्या असल्या तरी काचेच्या ६एल६जीसीला काही होत नाही, त्यामुळे मी हा बदल ठेवूनच देतो.

शिवाय हीटरचा हिशोब. ६एल६जीसीला ०.९ अँपिअर लागतात, ईएल३४ला १.५. म्हणजे दोन व्हॉल्व्हमागे १.२ अँपिअर जास्त, आणि ते ट्रान्सफॉर्मरनेच द्यायचे. सॉकेटवर हीटरचे ६.३ व्होल्ट मोजा. सहाच्या खाली गेले तर मी व्हॉल्व्ह काढून परत देतो. तासभर वाजवून, मग प्लग काढून ट्रान्सफॉर्मरवर हात ठेवून बघतो. हात टिकत नसेल तर तो अ‍ॅम्प ६एल६चाच राहू द्यावा.

६एन२पी म्हणजे ईसीसी८३ नव्हे

आता नऊ पिनांचे छोटे व्हॉल्व्ह. ईसीसी८३ गिटारचा सिग्नल सुरुवातीला मोठा करतो, आणि रशियन ६एन२पी लोक त्याच्या जागी घालतात. गेन (सिग्नल किती पट वाढतो ते) साधारण तेवढाच, शंभरच्या घरात. प्लेट, ग्रिड, कॅथोडच्या पिनाही त्याच. म्हणून लोक फसतात. ईसीसी८३मध्ये पिन ९ हा हीटरचा मधला टॅप आहे. बहुतेक गिटार अ‍ॅम्पमध्ये ४ आणि ५ एकत्र जोडून ६.३ व्होल्ट त्यांच्यात आणि ९ मध्ये दिलेले असतात. ६एन२पीचा हीटर मात्र फक्त ४ आणि ५ मध्ये, आणि ९ वर आतला शील्ड. अशा सॉकेटमध्ये तो पेटतच नाही, आणि माणूस म्हणतो, रशियन माल भंगार! हा स्वस्तातला प्रकार झाला. ज्या अ‍ॅम्पमध्ये ४ आणि ५ वर १२.६ व्होल्ट आहेत, तिथे ६.३चा हीटर दुप्पट व्होल्टवर झगझगीत पेटतो आणि थोड्याच वेळात संपतो. ४ आणि ५ सुट्या करून तिथे ६.३ द्या, शील्ड अर्थ करा. पाच मिनिटांचं सोल्डरिंग आहे. अ‍ॅडॉप्टर शोधत बसणाऱ्यांना माझ्याकडे उत्तर नाही.

ईसीसी८८चीही हीच कथा, शिवाय त्याच्या प्लेटची मर्यादा १३० व्होल्ट. गिटार अ‍ॅम्पमध्ये त्याचा विचार सोडा.

बाकीच्या

बायस न मोजणं. कॅथोडला एक ओहमचा रेझिस्टर लावा. एक मिलिव्होल्ट म्हणजे एक मिलिअँपिअर. ६एल६जीसीची मर्यादा ३० वॅट, त्याचे सत्तर टक्के २१, म्हणजे ४२० व्होल्टला ५० मिलिअँपिअर. ईएल३४ २५ वॅटचा, तिथे ४२ च्या आत राहा. 'कानाने लावतो' म्हणणाऱ्यांच्या प्लेटा मी लाल झालेल्या पाहिल्या आहेत.

रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा व्हॉल्व्ह) ५वाय३च्या जागी जीझेड३४. हीटर चालतो, पण एचटी (प्लेटांना जाणारं उच्च) व्होल्टेज चांगलंच चढतं आणि बिचारा ६व्ही६ पॉवर व्हॉल्व्ह ते सोसत बसतो. ५यू४ तर हीटरलाच ३ अँपिअर मागतो, ट्रान्सफॉर्मरच्या २ अँपिअरच्या वाइंडिंगवर.

जुन्या रेडिओतला यूएल८४. पिना ईएल८४ या छोट्या पॉवर व्हॉल्व्हच्याच, पण हीटर ४५ व्होल्टचा. टीव्हीतला पीएल८४ १५ व्होल्टचा. पहिलं अक्षर वाचायला कष्ट पडत नाहीत: ई असेल तरच ६.३. आणि ई बघून ईएल८६ही उचलू नका, त्याची स्क्रीन फार कमी व्होल्टची आहे. आजोबांच्या रेडिओतला बीईएलचा (भारत इलेक्ट्रॉनिक्सचा) ईएल८४ मात्र खरा ईएल८४. तपासून खुशाल घाला.

ईसीसी८३ काढून ईसीसी८२ घातला की आवाज बसला अशी तक्रार: गेन शंभरावरून वीसच्या खाली आल्यावर बसणारच. थोडाच कमी हवा असेल तर ५७५१ किंवा १२एवाय७.

काहीही बदललं की पहिल्यांदा चालू करताना मी अ‍ॅम्प सिरीज बल्बवरच (मेन्सच्या वाटेत जोडलेला, जादा करंट अडवणारा साधा बल्ब) लावतो, स्पीकर जोडून. बल्ब भगभगीत पेटलेलाच राहिला तर लगेच बंद. उघडायचं ते कॅपॅसिटर रिकामे झालेत हे मीटरवर बघून.

राहिला ८०७. ६एल६चाच भाऊ, पण पाच पिनांचा, प्लेटची जोडणी डोक्यावरच्या धातूच्या टोपीत. स्क्रीनची मर्यादा ३०० व्होल्ट, आणि गिटार अ‍ॅम्पमध्ये तिथे ४०० सहज असतात. स्क्रीनसाठी वेगळा, खाली आणलेला पुरवठा आणि टोप्यांवर जाळीचं झाकण करायची तयारी असेल तरच तो घेऊन माझ्याकडे या.