सराफाच्या पाटीचं अक्षर

म्हापसा-फोंड्याकडच्या जुन्या सराफी दुकानाचा अक्षरलोगो करायला घेतलात, तर कॉम्प्युटर उघडण्याआधी त्यांची जुनी पाटी आणि पावतीपुस्तक मागून घ्या. शेटना नवं काही नको असतं. आपलंच नाव जरा नीट हवं असतं. पाटीतलं एखादं वळण राखा आणि नाव बोरूने दहा-बारा वेळा लिहून पाहा. तिरका कापलेला बोरू जाड-बारीक आपोआप देतो. फॉण्टवरून करत असाल तर ‘ल’ आणि ‘श’ तपासा. बरेच फॉण्ट हिंदी वळणाचे देतात, आणि ते शेटच्या आधी त्यांच्या आईला खटकतं! शिरोरेषा तोडायची हौस इथे नको. पहिला नमुना एकच, काळ्या शाईत, रबरी शिक्क्याच्या मापात दाखवा. रंगाचं नंतर.