कितीही खाल्लं तरी अंगाला लागत नाही? या चुका टाळा

"मी भरपूर खातो, पण अंगालाच लागत नाही." हे मीही वर्षानुवर्षं म्हणायचो. तेव्हा वजन होतं ४९ किलो. शेवटी आठवडाभर खाल्लेलं सगळं वहीत लिहिलं. रविवारी मटण, तांबडा-पांढरा, चार भाकऱ्या. सोमवारी सकाळी चहा-खारी, मग थेट दुपारी दोनला दोन चपात्या. सणसणीत जेवलेला रविवार तेवढा लक्षात राहायचा, बाकीचे सहा दिवस नाही.

पहिली चूक हीच, अंदाजावर राहणं. सध्या जेवढं खाता त्यावर रोज ३०० ते ५०० कॅलरी वाढवा, आणि त्या रोजच्या रोज पोटात गेल्या पाहिजेत. म्हशीच्या दुधाचा मोठा ग्लास आणि मूठभर शेंगदाणे, एवढ्यात ४०० च्या आसपास होतात. जेवणाआधीचा चहा मात्र सोडा, भूक मारतो. गंगावेशीतल्या कट्ट्यावरचं धारोष्ण दूध ही कोल्हापूरची शान, पण कच्च्या दुधातून ब्रुसेल्लासारखे जंतू पोटात जाऊ शकतात. घरी आणून उकळूनच प्या.

दुसरी चूक रश्श्याची. वाटीवर वाटी रस्सा ओरपला तरी प्रोटीन असतं फोडीत. वजनाच्या दर किलोमागे साधारण १.६ ग्रॅम प्रोटीन धरा, म्हणजे ५० किलोच्या माणसाला ८० ग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅम मिळतं. उरलेलं दूध, दही, उसळ, चिकन यांतून दिवसभर वाटून घ्या.

सगळ्यात जास्त पोरं फसतात ती पैलवानांची नक्कल करताना. तालमीतला गडी पहाटेपासून मातीत घाम गाळतो, म्हणून त्याला तूप आणि थंडाई पचते. तुम्ही तेवढंच खाल्लंत तर पोट सुटेल नाहीतर बिघडेल. उलट, तेवढा खुराक नसताना शेकडो जोर-बैठका मारल्या तर दम वाढतो, अंग भरत नाही. स्नायू वाढायला भार वाढत जावा लागतो. आठवड्यातून तीन दिवस स्क्वॉट (खांद्यावर वजन घेऊन बैठक), बेंच प्रेस (बाकावर झोपून वजन वर ढकलणं), रोइंग (वाकून वजन पोटाकडे ओढणं), पुलअप्स (दांड्याला लटकून अंग वर ओढणं) करा. किती किलो, किती वेळा, ते लिहून ठेवा आणि पुढच्या खेपेला थोडं वाढवा. मधले दिवस विश्रांतीचे, रात्रीची झोप सात-आठ तासांची. रंकाळा तलावावर रोज तासभर पळत असाल तर ते निम्म्यावर आणा.

गेनरचा, म्हणजे वजन वाढवायच्या पावडरीचा, डबा घेण्याआधी मागचं लेबल वाचा, बऱ्याच डब्यांत साखर आणि माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून बनवलेली पावडर) हेच जास्त असतं. अंग भरण्यासाठी स्टेरॉइडच्या इंजेक्शनचं कुणी सुचवलं तर सरळ नाही म्हणा.

वजन आपोआप उतरत असेल, बारीक ताप, खोकला किंवा जुलाब असतील तर व्यायाम नंतर. आधी डॉक्टरांकडून थायरॉइड, शुगर, टीबी तपासून घ्या.

काटा आठवड्यातून एकदा, सकाळी उपाशीपोटी बघा. पाव ते अर्धा किलो वाढ उत्तम. दोन आठवडे काटा हललाच नाही, तर दुधाचा आणखी एक ग्लास वाढवा.